म्हातारीला एक दगड

बाहेरगावच्या कोणी विचारलं, की बाई, तुमच्या स्कार्वनेसमध्ये आहे तरी काय, तर हानसिना एका शब्दात सांगायची, "वास." त्यात खोटं काही नव्हतं. हिवाळा सरता सरता कॉड मासा खाडीत आला की आधी त्याच्या आतड्यांचा वास, मग कलेज्यांचं तेल काढायच्या कढईचा वास, मग लाकडी मांडण्यांवर जोडीजोडीने टांगलेल्या मासळीचा वास, तो उन्हाळ्यापर्यंत. हानसिना त्या वासातच जन्मली, मोठी झाली, नवरा समुद्रात बुडाल्यावर त्याच वासात मासे चिरून पोट भरत राहिली. तिला त्याची किळस कधी आली नाही. किळस आली ती जर्मन सैनिक आल्यावर.

ते आले आणि गावाच्या वरच्या टोकावर त्यांनी तोफखाना बांधला. तोफा कशा, किती लांबवर मारा करणाऱ्या, हे गावाला कधी नीट कळलं नाही. संडास मात्र लगेच कळले. ते त्यांनी ओहोळाच्या वर बांधले होते, आणि गाव त्या ओहोळाचं पाणी पीत होतं. पहिल्या वसंतात बर्फ वितळलं तेव्हा जे काही खाली वाहत आलं, ते पाहून हानसिना बादली तशीच ठेवून घरी आली. त्यानंतर ती पाण्याला खाडीच्या पलीकडच्या बाजूला, अर्धा डोंगर वळसा घालून जायची.

"एवढा मोठा डोंगर," ती म्हणायची, "आणि यांना बसायला हीच जागा सापडली."

पण त्या टोकाचं सगळ्यांनाच वेड होतं. युद्धाआधी आपल्याच देशाचे अधिकारी येऊन गेले होते. मग इंग्रजांचं एक जहाज येऊन लांबून बघून गेलं. मग हे आले. जो येई तो टोकावर उभा राही, नकाशा उलगडी, वारा तो फडफडवी, आणि कोणीतरी म्हणे की ही जागा म्हणजे उत्तरेची किल्ली आहे. डोंगर सरळ समुद्रात उतरलेला, बाकी किनाऱ्याला पाय ठेवायला जागा नाही, रशियाकडे जाणारं प्रत्येक जहाज याच टोकाला घासून जाणार. हे सगळं खरंच होतं. फक्त किल्लीच्या खाली माणसं राहतात, हे त्या नकाशात कुठे दिसत नसावं.

गाव आणि पलीकडचा माळ यांच्यामध्ये एक खिंड होती. माळावर जळणाची काळी माती मिळायची, विटांसारखी कापून वाळवायची, ती आणायला गावाला खिंडीतूनच जावं लागे. पुढे टोकावरच्या तोफखान्याची गाडीवाटही तिथूनच गेली. खिंडीच्या माथ्यावर दगडांची एक उंच रास होती, दोन माणसं एकावर एक उभी राहावीत एवढी. तिला सगळे म्हातारी म्हणत. समुद्रातून येणाऱ्याने म्हातारी आणि तिच्या पाठीमागचा काळा सुळका एका रेषेत धरला, की होडी दोन बुडत्या खडकांच्या मधून सुखरूप आत येई. आणि जमिनीवरून जाणाऱ्याने तिच्याजवळ थांबायचं, एक दगड उचलायचा, तिच्या अंगावर ठेवायचा आणि पुढे जायचं. वारा म्हातारीला झिजवतो, तेव्हा तिला हातभार लावायचा, एवढंच. मूल चालायला लागलं की आई त्याच्या मुठीत खडा द्यायची. एका पाद्रीबाबांनी ही मूर्तिपूजा आहे म्हणून सगळ्या गावाला झाडलं होतं, आणि परत जाताना खिंडीत स्वतःच एक दगड ठेवून गेले होते. ते लोकांनी पाहिलं होतं.

जर्मनांनी तोफा बसवल्या त्याच आठवड्यात म्हातारी पाडली. तिच्यामुळे समुद्रातून येणाऱ्या शत्रूला वाट सापडेल, असं त्यांचं म्हणणं. दगड उतारावर ढकलून दिले. गाव चार दिवस हळहळलं आणि मासे चिरायला लागलं.

पण हाताला कोण सांगणार? लोक जळण आणायला खिंडीतून जातच होते. माथ्यावर आले की पाय आपोआप थांबत, हात खाली जाई, दगड उचलला जाई. आता ठेवायला म्हातारी नव्हती, तर जिथे ती होती तिथे ठेवत. कोणी ठरवून केलं नाही. कोणी कोणाशी त्याबद्दल बोललंही नाही. दोन वर्षांत तिथे पुन्हा एक रास झाली, आधी गुडघ्याएवढी, मग कमरेएवढी. जुन्या जर्मन कप्तानाच्या ते लक्षात आलं नाही, कारण तो बहुतेक वेळ दारू पीत असे.

मग नवा कप्तान आला, आणि तो आल्यावर थोड्याच दिवसांत टोकासमोर जर्मनांचं एक मालवाहू जहाज रशियन पाणबुडीने बुडवलं. मार्च महिना होता. गावातल्या सगळ्या होड्या कॉडच्या मागे. त्या होड्यांनीच पाण्यातून माणसं काढली, काही जिवंत, बरीच नाही. दुसऱ्या दिवशी नव्या कप्तानाने गस्तीच्या बोटीतून किनारा पाहिला आणि त्याला खिंडीत म्हातारी दिसली.

त्याने ती पुन्हा पाडायला लावली आणि निरोप पाठवला. पाणबुडीसाठी खूण कोणी उभारली त्याचं नाव द्या. नाव मिळेपर्यंत एकही होडी पाण्यात जाणार नाही.

कॉड काही वर्षभर थांबत नाही. तो येतो आणि जातो. आठ दिवस होड्या किनाऱ्यावर राहिल्या तर पुढचा हिवाळा गावाने काय खायचं? म्हणून टोबियासने सगळ्यांना प्रार्थनाघरात बोलावलं.

टोबियासचं गावात दुकान होतं. गावाची मासळी तोच घेई, गावाला पीठ तोच विके. प्रार्थनाघरात रविवारी प्रवचनही तोच वाची. जर्मन आल्यापासून तोफखान्याला बटाटे तोच पुरवी. त्याचा हात नेहमी ओलसर असे. तो हात हातात घेताना हानसिनाला वाटे, की एखादा मऊ पडलेला मासा उचलतोय, जो आपण मांजरालाही घातला नसता.

"बंधुभगिनींनो," टोबियास म्हणाला, "मी कोणाचं नाव घेत नाही."

"मग बसा खाली," मागून हानसिना म्हणाली.

दोघेतिघे हसले आणि लगेच गप्प झाले.

"मी कोणाचं नाव घेत नाही," टोबियासने पुन्हा सुरुवात केली, "पण आपण विचार करायला हवा. कोणीतरी पुढे व्हायला हवं. ज्याच्या घरी लहान लेकरं नाहीत. ज्याच्या भागीत होडी नाही. जो खिंडीतून वरचेवर जातो. ज्याच्या मागे रडायला..." तो थांबला आणि त्याने छताकडे पाहिलं, "प्रभूने ज्याला एकटं ठेवलंय."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. पण खाली घालण्याआधी एकदा दाराकडे पाहून घेतलं. दाराजवळच्या बाकावर इसाक बसला होता, टोपी गुडघ्यावर ठेवून.

इसाक हानसिनाचा धाकटा भाऊ. बोलताना अडखळायचा, म्हणून फारसा बोलत नसे. किनाऱ्याच्या पार टोकाला मातीच्या खोपट्यात राही, थोडी मेंढरं पाळी आणि गावातल्या निम्म्या घरांचं जळण पाठीवरून आणून देई. त्या दोघांची आई सामी होती, उत्तरेच्या रेनडियर पाळणाऱ्या, गावाने कमी लेखलेल्या जमातीतली. ही गोष्ट गाव तोंडावर कधी काढत नसे. आज तोंडावर काढायची गरजही पडली नाही.

"रडायला कोणी नाही कसं?" हानसिना उभी राहिली. "मी कोण आहे? मांडणीवरचं मुंडकं?"

"हानसिना, आपण शांतपणे..."

"टोबियास, दगड कोणी ठेवला नाही इथे? सांगा. ज्याने ठेवला नाही त्याने हात वर करावा. मी तर ठेवलाय. गेल्याच आठवड्यात ठेवलाय." तिने शेजारी पाहिलं. "पेत्रिना, तुझ्या पोरांनी तर दोन दोन ठेवले, मी होते तिथे."

पेत्रिना तिची शेजारीण. तिच्याच ओट्यावर दोघी रोज मासे चिरत. पेत्रिनाने डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला. "अगं, पोरं ती. त्यांना काय कळतं?" ती हळूच म्हणाली. "आणि माझ्या माणसाची होडी वाळूत पडलीय, हानसिना. तुला होडी नाही, तुला नाही कळायचं."

"माझ्या माणसाची होडी तळाला पडलीय. मला चांगलं कळतं."

 तेवढ्यात इसाक उठला. त्याने टोपी डोक्यावर घातली, मग प्रार्थनाघरात आहोत हे आठवून पुन्हा काढली.

"जा... जातो मी," तो म्हणाला. "ठी... ठीक आहे."

आणि त्या खोलीत जो सुस्कारा सुटला, तो हानसिना मरेपर्यंत विसरली नाही. थंडीतून आत आलेल्या माणसाला गरम रस्सा मिळावा तसा, सगळ्यांच्या पोटातून एकदम निघालेला. टोबियासच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने इसाकचा हात आपल्या ओलसर हातात घेतला आणि म्हणाला, "प्रभू हे विसरणार नाही." पेत्रिना खरोखर रडली. तिने घरी जाऊन इसाकला वाटेत खायला म्हणून लोणी लावलेली भाकरी बांधून आणली. लोणी! त्या वर्षी गावात लोणी कोणाकडे आहे हे कोणाला माहीत नव्हतं.

"मूर्खा," हानसिना भावाला म्हणाली, "कशाला हो म्हणालास?"

"सग... सगळे बघत होते," इसाक म्हणाला.

टोबियास आणि आणखी दोघे त्याला तोफखान्यावर पोचवून आले. दुसऱ्या दिवशी उजाडताच होड्या पाण्यात होत्या. संध्याकाळी त्या काठोकाठ भरून आल्या. हानसिना ओट्यावर उभी राहून मासे चिरत होती. माशाच्या पोटात सुरी घालायची, कलेजी इकडे, आतडी तिकडे, मुंडकं मागे. शेजारी पेत्रिना चिरत होती आणि यंदा मासा कसा जाडजूड आहे हे सांगत होती. हानसिनाला पहिल्यांदाच त्या वासाने मळमळलं. ती ओट्याच्या कडेला जाऊन ओकली.

"तब्येत बरी नाही का गं?" पेत्रिनाने विचारलं.

"नाही," हानसिना म्हणाली. "गाव पचत नाही."

इसाकला बटाट्याच्या कोठारात कोंडलं होतं. पुढचं जहाज आलं की त्याला दक्षिणेला लष्करी कोर्टापुढे नेणार. तिथून कोणी परत येत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

हानसिनाच्या गायींचं दूध तोफखान्यावर द्यावं लागे. द्यायचं की नाही हे तिला कोणी विचारलं नव्हतं. सकाळी ती दूध घेऊन गेली ती परत फिरली नाही. कप्तानाच्या दारात उभी राहिली. तिथला दुभाष्या पूर्वी खलाशी होता, गावाची भाषा बर्गन शहराच्या मासळीबाजारात शिकलेला, आणि ती तशीच बोलायचा.

"ए दूधवाले, काय ठाण मांडलंस? गाय व्यायली का इथे?"

"कप्तानाला सांग, त्याने चुकीचा माणूस धरलाय."

"बरोबर माणूस कोण?"

"सगळे."

दुभाष्या हसला, पण आत जाऊन सांगितलं. कप्तान बाहेर आला. तो उंच, वयस्क, नीटनेटका माणूस होता, पूर्वी कुठेतरी शाळा चालवत असे म्हणत. त्याने हानसिनाचं सगळं ऐकून घेतलं. म्हातारी, मुठीतले खडे, पाद्रीबाबा.

"तो विचारतोय," दुभाष्या म्हणाला, "की जी गोष्ट केल्याने माणसाला गोळी घालतात, ती गोष्ट लोक काही कारण नसताना करतात, असं तुझं म्हणणं आहे?"

"त्याला म्हणावं, रास पाडलीय ना? मग बस तुझ्या दुर्बिणीशी आणि बघ."

कप्तानाला त्या टोकावर करायला फारसं काही नव्हतं. समुद्र बघायचा आणि हुकूम वाचायचे. त्याला गंमत वाटली असावी. त्याने हानसिनाला आपल्याबरोबर निरीक्षणाच्या खोलीत बसवलं. तिथे सिमेंटचा, ओल्या लोकरीचा आणि शिळ्या कोबीचा वास होता. खिडकीच्या फटीतून खिंड अगदी हातावर असल्यासारखी दिसत होती. वाऱ्यामुळे तिथे बर्फ टिकत नसे, उघड्या खडकावर विखुरलेले दगड दिसत होते. मधली जागा साफ.

पहिली पेत्रिना आली, पाठीवर जळणाची टोपली. थांबली. वाकली. दगड उचलला. मग तिला काहीतरी आठवलं, कारण तिने हातातला दगड निखारा असल्यासारखा टाकला आणि पळत सुटली.  पुढे एक म्हातारा आला, त्याने दगड ठेवला आणि काठी टेकत गेला. त्याच्यामागून येणाऱ्याने त्या दगडावर दुसरा ठेवला. याच दोघांपैकी एक जण प्रार्थनाघरात दाराकडे सगळ्यात आधी बघणारा होता.

मग बटाट्याची घसरगाडी घेऊन, घोड्याचा लगाम धरून, टोबियास आला.

तो माथ्यावर थांबला. घोड्याला चुचकारलं. हातमोज्याला नाक पुसलं. आजूबाजूला पाहिलं, पण कोणी बघतंय का म्हणून नाही, दगड कुठे आहे म्हणून. एक चांगला सपाट दगड निवडला. तो दोघांच्या दगडांवर ठेवला, हलतोय का हे बोटाने पाहिलं, नीट बसवला. आणि ओठ हलवत, बहुधा रविवारचं प्रवचन घोकत, खाली तोफखान्याकडे निघाला.

कप्तान इतका हसला, की त्याला चष्मा काढावा लागला. दुभाष्याही हसला. हानसिना हसली नाही. तिला वाटलं होतं टोबियासला असं पकडलेलं पाहून आपल्याला बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

टोबियासला आत आणलं.

"दगड? कुठला दगड?" तो म्हणाला. "हानसिना, तू इथे काय करतेस?" मग सगळे त्याच्या हातमोज्याकडे बघतायत हे पाहून त्यानेही पाहिलं. मोज्याला माती आणि शेवाळ लागलं होतं. त्याचा चेहरा उकडलेल्या मासळीसारखा पांढरा झाला. "देवाशपथ, मला कळलंच नाही," तो म्हणाला, आणि हे मात्र खरं होतं.

कप्तान आता हसत नव्हता. तो बराच वेळ बोलला आणि दुभाष्याने ते एकेक करून सांगितलं.

"तो म्हणतो, तुझं खरं आहे बाई. पण त्याने वर कळवलंय, की खूण उभारणारा सापडला. आता वर काय कळवू, की अख्खं गाव खुळं आहे? वरचे त्यालाच खुळा म्हणतील. तेव्हा एक माणूस हवा. तुझा भाऊ नको असेल तर हा चालेल." त्याने टोबियासकडे बोट केलं. "याने दगड ठेवताना कप्तानाने स्वतः पाहिलंय. तू सांग कोण. तो म्हणतो, तुझ्यावर सोपवलं."

टोबियास गुडघ्यावर बसला. त्या सिमेंटच्या जमिनीवर. "हानसिना," तो म्हणाला, "हानसिना, तुझ्या नवऱ्याच्या वेळी मी तुला पीठ उधार दिलं होतं."

नाव हानसिनाच्या जिभेवर होतं. किती सहज आलं होतं ते! चार अक्षरं, थुंकावीत आणि मोकळं व्हावं. आणि मग पोटातून सुटेल तो सुस्कारा कसा असेल, हेही तिला माहीत होतं. तिने तो ऐकला होता.

"याला सांग," ती दुभाष्याला म्हणाली, "की ही घाण त्याची आहे. ती माझ्या ताटात वाढू नको म्हणावं. मीपण दगड ठेवलाय, टोबियासच्या आधी. एक माणूस हवा असेल तर मी आहे इथे. मग दूध मात्र तूच काढ."

दुभाष्याने यातलं किती सांगितलं कोण जाणे.  कप्तानाने तोंड वाकडं केलं, जसं माणूस बशीत माशी पडलेली पाहून करतो. हात झटकून म्हणाला, की चालते व्हा सगळे.

वर त्याने कळवलं, की अटकेतला माणूस पळून जाताना कड्यावरून समुद्रात पडला आणि बुडाला. त्याला त्यात काही अवघड गेलं नाही. आणि इसाकला त्याच दिवशी सोडलं. दाराशी दुभाष्या म्हणाला, "तू मेलायस, बाबा. पुन्हा आमच्या कोणाला दिसलास, तर खरंच मरशील."

असा इसाक मेला. पण मेलेल्याला रेशन मिळत नाही. आणि रेशनावाचून जगायला गावाने पोसावं लागतं. तो एका गुहेत राहू लागला, पलीकडच्या माळाच्या खाली. हानसिना घरोघर गेली. दार वाजवायची, आत न जाता उंबऱ्यावरून सांगायची, "खिंडीत दगड ठेवत होतात ना? आता गुहेच्या तोंडाशी बटाटा ठेवायचा. जाता येता. कोणाला कळू न देता."

ठेवले. पहिल्या महिन्यात पुष्कळ ठेवले. पेत्रिनाने मासे ठेवले, टोबियासने तर खरी कॉफी ठेवली, जी कुठून आली हे विचारायची सोय नव्हती. दुसऱ्या महिन्यात बटाटे लहान झाले. उन्हाळ्यात कोंब फुटलेले यायला लागले. पेत्रिना एकदा ओट्यावर म्हणाली, "एक सांगू का, हानसिना, राग मानू नकोस. तो गेला असता तर एव्हाना आपण त्याचं दुःख करून मोकळे झालो असतो. आता हे रोजचंच झालंय."

"हो ना," हानसिना म्हणाली. "जगून फार त्रास देतोय बिचारा."

पेत्रिनाला वाटलं ती खरंच तसं म्हणतेय. तिने समजुतीने मान हलवली.

पुढच्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडाला जर्मन निघाले. रशियन मागून येत होते, त्यांना डोक्यावर छप्पर मिळू नये म्हणून गाव जाळायचं ठरलं. घरं जाळली, होड्या जाळल्या, मांडण्या जाळल्या, प्रार्थनाघर जाळलं. साठवलेली सुकी मासळी जळत होती, त्या एका वासाला मात्र हानसिनाने कधी नाव दिलं नाही. गायी तिला स्वतः मारायला लावल्या. लोकांना बोटींत कोंबून दक्षिणेला नेलं. इसाक मेलेला होता, म्हणून त्याला कोणी शोधलं नाही. तो आपल्या मेंढरांसकट गुहेतच राहिला, आणि त्या हिवाळ्यात गावात एकटा जिवंत माणूस होता तो तेवढा.

युद्ध संपल्यावर सगळे परत आले, राखेवर लाकडी घरं उभी राहिली. तीनचार वर्षांनी आपल्याच देशाचे सैनिक आले. टोकावर उभे राहिले. नकाशा उलगडला. हानसिना जळण घेऊन येत होती, तेव्हा एक कोवळा अधिकारी दुसऱ्याला सांगत होता, की या जागेला पर्याय नाही, ही किल्ली आहे. तिने नमस्कारही केला नाही.

"काय हो," तिने फक्त विचारलं, "संडास कुठे बांधणार?"

"काय?" तो म्हणाला.

"काही नाही. ओहोळ तिकडून येतो, एवढं लक्षात ठेवा."

त्यांनी जर्मनांचंच सिमेंट वापरलं आणि जर्मनांचेच संडास.

त्याच उन्हाळ्यात खिंडीत म्हातारी पुन्हा उभी करायचं ठरलं. टोबियास समितीचा प्रमुख होता. दगड मजूर लावून रचले, सरळ, चौकोनी, मधे सिमेंट भरून, की वारा झिजवणार नाही. त्यावर काशाची पाटी बसवली. लिहिलं होतं, की या गावाने शत्रूच्या डोळ्यांदेखत दगडावर दगड ठेवून मित्रांच्या जहाजांना वाट दाखवली. खाली एक नाव होतं. इसाकचं. जर्मनांच्या कागदांत ते सापडलं होतं, पळताना बुडाला म्हणून.

समारंभाला सगळं गाव आलं. टोबियास बोलला. आम्ही घाबरलो नाही, म्हणाला. आम्हांपैकी प्रत्येकाने दगड ठेवला, म्हणाला, आणि एकाने प्राण. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पेत्रिना खरोखर रडली. इसाक मागे उभा होता, टोपी हातात धरून.

हानसिना टोबियासजवळ गेली. "तो तिथे उभा आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे गं," टोबियास कुजबुजला. "पण पाटी ओतून झाली होती. आणि नाव तर चांगल्यासाठीच आहे ना? त्याला विचार, त्याला काही वाटतंय का." त्याने तिचा हात हातात घेतला. ओलसर होता, अजूनही.

"चांग... चांगलं लिहिलंय," इसाक म्हणाला. तो पाटी बोटाने वाचत होता. "मो... मोठं काढलंय नाव."

लोक पांगले. खाली नव्या प्रार्थनाघरात केक आणि कॉफी होती. इसाकही गेला, केक पाहिल्यावर त्याला कोणी थांबवू शकत नसे. हानसिना मागे राहिली. ती निघाली, आणि माथ्यावर पाय आपोआप थांबले, हात खाली गेला. दगड हातात आला तेव्हा तिच्या लक्षात आलं. ठेवायला जागा शोधली. म्हातारीच्या अंगावर कुठे खाच नव्हती, सिमेंट गुळगुळीत होतं. तिने पाटीच्या वरच्या कडेवर दगड ठेवून पाहिला. तो घसरून खाली पडला.

तिने तो पुन्हा उचलला. चांगला सपाट, जड दगड होता. टाकून द्यावासा वाटेना. तिने तो एप्रनच्या खिशात घातला आणि प्रार्थनाघराकडे न वळता घरी गेली. तिथे हेरिंग माशांचं पिंप खारवायला ठेवलं होतं, आणि झाकण सारखं वर येत होतं. तिने दगड झाकणावर ठेवला, हलतोय का हे बोटाने पाहिलं आणि हात धुतले. दोनदा धुतले.